नऊ पेरं आणि मूठ

"हात वर. धरून ठेवा काकू, मी दहा मोजते," असं म्हणून त्या मुलीनं मोजायला सुरुवात केली. एरवी मी पडल्या पडल्या छताच्या पंख्याकडे बघत असते, त्या दिवशी उगाच तिच्या हाताकडे बघितलं. माझा उजवा खांदा आखडलाय. केस विंचरता येत नाहीत, मागचं बटण लागत नाही, ऑफिसात वरच्या फळीवरची फाइल काढायला शिपायाला हाका माराव्या लागतात. म्हणून आठवड्यातून तीनदा कामावर जायच्या आधी इथं फिजिओथेरपीला येते. तीन खाटा, मध्ये हिरवे पडदे, भिंतीला लाकडी शिडी, कोपऱ्यात शेकाच्या पिशव्यांचं गरम पाण्याचं भांडं. डॉक्टर पहिल्या दिवशी खांदा हलवून बघून गेले ते गेलेच, सगळं ही मुलगीच करते. बावीस-तेवीसची असेल. दोन्ही हातांत काठी धरून ती डोक्यावर न्यायची आणि कळ सोसत दहा अंक थांबायचं, असं दहा वेळा. ती "एक" मोठ्यानं म्हणते, मधले आकडे मनात म्हणते आणि शेवटी "दहा, सोडा". मधले आकडे तिच्या अंगठ्यावर असतात. अंगठा मधल्या बोटाच्या पेरांवरून खाली आला, शेजारच्या बोटावर गेला, मग करंगळीवर. नऊ पेरं झाली आणि दहाला तिनं मूठ मिटली. अंगठ्याशेजारचं बोट मात्र पहिल्यापासून ताठ होतं, मूठ मिटली तरी बाहेर. माझ्या हातातली काठी एकदम खाली आली आणि कपाळावर आपटली. "लागलं का?" तिनं विचारलं. नाही म्हटलं, आणि काठी परत वर नेली, कारण ती मोजत असताना निदान बोलावं लागत नव्हतं.

तसं मोजायची रीत जगात कुठंही नाही. म्हणजे असेल तर मला माहीत नाही, पण ती मी काढली एवढं मला माहीत आहे, आणि काढली असं म्हणणंही मोठेपणाच आहे, कारण झालं ते अपघातानं. माझ्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट वाकत नाही. नखावर उभी रेघ आहे. आमच्या यांना वाटतं ते जन्मापासूनच तसं आहे, मीही कधी दुरुस्त केलं नाही. चोवीस वर्षं मी एका सरकारी कचेरीत जुनी कागदपत्रं सांभाळते. कुठला कागद कुठल्या गठ्ठ्यात आहे हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, लोक कौतुकही करतात. पण त्या दिवशी ऑफिसात जाऊन बसले आणि समोरचा गठ्ठा संध्याकाळपर्यंत सुटला नाही. त्यावर हात ठेवून बसून राहिले आणि अंगठा आपला तीन बोटांवरून फिरत राहिला.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, पदवी होती, आणि दीड वर्ष घरी बसून होते. घरी बसणं म्हणजे काय हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. वडील सकाळी वर्तमानपत्रातल्या जाहिरातींवर पेन्सिलीनं खुणा करून पेपर माझ्या ताटाशेजारी ठेवत आणि एक शब्द बोलत नसत. वहिनी वाईट नव्हती, पण कुणी आलं की "आमच्या वन्सं सध्या घरीच असतात" असं इतक्या गोड आवाजात सांगायची की काहीतरी करतेय असं दिसावं म्हणून मला परकर शिवायला घ्यावासा वाटे. अशात कुणीतरी एका संस्थेचं पत्रक आणलं. सुशिक्षित बेकार तरुण-तरुणींना चाळीस दिवसांचं शिक्षण देऊन लांबच्या वस्त्यांवर स्वयंसेवक शिक्षक म्हणून पाठवणार होते. दादा म्हणाला, "जा, बेकारांच्या पलटणीत भरती हो." मी गेले ते शिकवायच्या ओढीनं नाही, खोटं कशाला बोलू. घरातून निघायला एक दार मिळालं म्हणून गेले.

एका बंद पडलेल्या गोदामात आम्ही बत्तीसजण होतो. शिकवायला थोरल्या बाई, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, गळ्यात शिट्टी. त्यांची पद्धत अशी की अर्धा दिवस शिक्षक व्हायचं आणि अर्धा दिवस मूल. नुसतं समोर बसायचं नाही, खरोखर मूल व्हायचं. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला एकेक मूल वाटून दिलं. सारखी शू लागणारं, शेजारच्याला चिमटे काढणारं, आईसाठी रडणारं. आमच्यात एकजण होता, तो ओळख करून देताना आधी पदवी सांगायचा आणि मग नाव, त्याला आम्ही पदवीधरच म्हणायचो. त्याच्या वाट्याला खडू खाणारं मूल आलं. चाळीस दिवसांत त्या बिचाऱ्यानं खरोखर दोन खडू खाल्ले. माझ्या वाट्याला न बोलणारं मूल आलं. मी रोज दुपारी तोंडाला कुलूप लावून बसायची आणि एकतीसजण मला बोलतं करायला जिवाचं रान करायचे. कुणी नकला करायचं, कुणी रागवायचं. मी हूं का चूं करत नसे. दीड वर्ष सगळे मला "काही झालं का?" विचारत होते आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. इथं उत्तर न देणं हेच माझं काम होतं. किती हलकं वाटायचं! दुपारचं ऊन गोदामाच्या पत्र्यांच्या फटींतून जमिनीवर यायचं, तिथं पाय पसरून बसलेली बत्तीस मोठी माणसं पाढे म्हणायची, चुकायची, एकमेकांच्या चहाड्या सांगायची. आयुष्यात इतकी हसले नाही मी, आधीही नाही आणि नंतरही नाही.

शेवटच्या दिवशी थोरल्या बाईंनी शिट्टी न वाजवता सगळ्यांना जवळ बसवलं. "नोकरी लागली की तुम्ही जाल," त्या म्हणाल्या. "सगळे जातात, जायलाच हवं, माझी त्याला ना नाही. पण जायच्या दिवशी पोरांसमोर उभं राहायचं आणि सांगायचं, मी चाललो, आता येणार नाही. रडतील. रडू द्या. न सांगता गेलात तर पोरांना तुम्ही गेलात असं वाटतच नाही. उशीर झालाय असं वाटतं. ती बिचारी वाट बघत बसतात." पदवीधरानं ते वहीत उतरवून घेतलं. मी घेतलं नाही, मला वाटलं एवढं काय, हे लक्षात राहीलच.

मला मिळालेली वस्ती एका बंद खाणीच्या काठावर होती. खाण चालू असताना दगड फोडायला आणलेली माणसं, खाण मिटल्यावर जायला जागा नाही म्हणून तिथंच राहिलेली. बस आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी. शाळा म्हणजे वजनकाट्याची खोली. एकेकाळी दगडाचे ट्रक बाहेर लोखंडी पाट्यावर उभे राहत आणि आत बसून कुणीतरी वजन लिहून घेई. मोठी काच, काचेबाहेर उघडं माळरान आणि एक जड लोखंडी दार. सतरा मुलं. शिकवायला लागून चौथाच दिवस होता, वाऱ्यानं ते दार मिटलं आणि माझं बोट त्यात. पुढचं आठवतं ते तुकड्यातुकड्यांनी. मुलं ओरडतायत, कुणाच्या तरी आईनं पाण्यात हात बुडवून धरलाय, आणि एक अकरा वर्षांची मुलगी, सगळ्यांत थोराड म्हणून तिला सगळे मोठीच म्हणत, ती शांतपणे माझी फुटपट्टी गुडघ्यावर मोडून तिचा तुकडा बोटाला बांधतेय. दवाखान्यात जायला गुरुवारची बस होती. मी गेले नाही. चार दिवसांत परत आली असं घरी कळलं असतं तर वहिनीला काय वाटलं असतं, या विचारानं गेले नाही. माझं सगळं शहाणपण असलंच.

सहा आठवडे ते बोट फुटपट्टीला बांधलेलं होतं. थोरल्या बाईंनी आम्हाला पेरांवर मोजायला शिकवलं होतं, चार बोटांची बारा पेरं. मला तीनच बोटं मोकळी होती. नऊ पेरं झाली की पुढं काय करायचं म्हणून मी मूठ मिटली आणि दहा म्हटलं. मुलांनी तसंच केलं. सतरा मुठी आणि सतरा ताठ बोटं. मी म्हटलं, "अरे, तुमचं बोट चांगलं आहे, ते मोजा की." ती हसली, आणि पुन्हा तसंच. नंतर थोरल्या बाई पाहणीला आल्या, त्यांनी ते बघून आधी कपाळाला हात लावला आणि मग म्हणाल्या, "असू दे, दहाला मूठ, वाईट नाही." खडू मला धरता येत नव्हता, तेव्हा फळ्यावर मोठी लिहायची. मी सांगायची, ती लिहायची. पुढं मी एक ओळ सांगितली की ती पुढच्या दोन स्वतःच लिहायला लागली. बोट बरं झालं तरी खडू तिच्याकडेच राहिला. एकदा मला ताप आला तर तिनं दिवसभर वर्ग चालवला. मी शेजारच्या घरात पडून ऐकत होते. माझाच आवाज काढून ती रागवत होती, "असं का रे बाळांनो," हे माझं पालुपदसुद्धा तिनं उचललं होतं.

चौदा महिने झाले आणि नोकरीचं पत्र आलं. वडिलांनी पाकिटावर पेन्सिलीनं खूण केली होती. चार दिवसांत हजर व्हायचं होतं. सोमवारी दुपारची बस. मी सकाळी वर्गात उभी राहिले, सांगायला म्हणूनच उभी राहिले, आणि माझ्या तोंडून आलं, "मला जरा शहरात काम आहे, गुरुवारी येते." मोठीनं विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. पण मुलांना शंका येऊ नये म्हणून मी माझा राखाडी स्वेटर मुद्दाम खिळ्याला अडकवून गेले. चोवीस वर्षांत मी बऱ्याच बारीकसारीक लबाड्या केल्या, सगळेच करतात, पण त्या स्वेटरइतकी दुसरी कुठली मला जाळत नाही. काचेतून सतरा डोकी बसकडे बघत होती. मी हात हलवला. थोरल्या बाईंना नंतर पत्र टाकलं, त्यांचं उत्तर आलं नाही. मी दुसरं टाकलं नाही. माझ्यामागं कुणी गेलं की नाही, की त्या खोलीला कुलूप लागलं, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं नाही तोवर कुलूप लागलेलं नसण्याची शक्यता शिल्लक होती, आणि तेवढ्या शक्यतेवर मी चोवीस वर्षं काढली.

आता ही मुलगी. मी हिशेब करून बघितला. ती जन्मली तेव्हा मी तिथून निघून वर्ष-दीड वर्ष झालेलं असणार. म्हणजे हिला मी शिकवलेलं नाही. मग हे बोट हिला कुणी दिलं? आईनं दिलं असेल. त्या सतरांतली एखादी पोर हिची आई असेल आणि घरच्या घरी एवढंच शिल्लक राहिलं असेल, शाळा कधीच मेलेली. किंवा शाळा मेली नसेल. पुढच्या चार खेपा मी याच दोन गोष्टी काठीबरोबर वर-खाली करत राहिले. एक वाक्य विचारायचं होतं, तू कुठली गं? दाराशी चपला घालताना ते अगदी ओठावर यायचं आणि मी म्हणायची, "आज जरा बरं वाटतंय." ती खूश व्हायची. खांदा खरोखरच सुटत चालला होता, दोन-तीन खेपांत तिचं काम संपणार होतं. मग ती मला दिसणार नव्हती, आणि मी पुन्हा न सांगता निघून गेलेली बाई होणार होते. कुणाला कळलंही नसतं. ह्यातच खरी गोम होती, की कुणाला कळलं नसतं.

आठव्या खेपेला ती म्हणाली, "आज बोटं भिंतीवर चढवायची," आणि माझा पंजा हातात घेऊन एकेक बोट वाकवून बघायला लागली. अंगठ्याशेजारच्या बोटाशी थांबली. "हे वाकत नाही? कधी झालं हे?"

"फार जुनं आहे," मी म्हणाले. मग माझंच मला ऐकू आलं, "तू मोजताना हे बोट का गं सोडतेस?"

ती ओशाळून हसली. "दिसलं होय तुम्हाला? कॉलेजात सगळे चिडवायचे. आमच्या शाळेची सवय आहे ती. आमच्याकडे सगळे असंच मोजतात."

"सगळे म्हणजे?"

"सगळी वस्ती. आमच्या बाईंनी शिकवलं. हे बोट ताईंचं, ते मोजायचं नाही. पूर्वी एक ताई होत्या, त्यांचं बोट दारात सापडलं, ते दाखवायला त्या शहरात गेल्या. बरं झालं की यायच्या आहेत. तोवर आपण आपलं वापरायचं नाही." ती हे पाठ असलेलं सांगावं तसं सांगत होती. "हजेरी झाली की बाई शेवटी म्हणतात, ताई यायच्या आहेत. आम्ही सगळे ते एका सुरात म्हणायचो. खरं सांगू, लहानपणी मला वाटायचं शाळा सुरू करताना सगळीकडेच तसं म्हणतात."

"तुमच्या बाई," मी विचारलं, "त्यांनी शिक्षण कुठं घेतलं?"

"तीच तर गंमत! त्या अकरा-बारा वर्षांच्या असल्यापासून वर्ग घेतात. अठरा वर्षांच्या झाल्यावर चाळीस दिवसांचं शिक्षण घ्यायला गेल्या, तर तिथं म्हणाले, आधी बेकार म्हणून नाव नोंदवा. सहा-सात वर्षं शिकवून झाल्यावर बेकार! अजून सांगतात आणि हसतात."

मी खाटेवर बसले. पाय जमिनीला लागत नव्हते. रडू येत होतं ते आनंदाचं होतं की शरमेचं हे मला ठरवता आलं नाही, दोन्हीचं होतं. मी हात तिच्यासमोर धरला आणि मूठ मिटली. बोट बाहेर राहिलं. "लोखंडी दार," मी म्हणाले. "वजनकाट्याच्या खोलीचं." तिनं बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि टेबलावरचा फोन उचलला. मी नको म्हणाले असते तर तिनं ठेवला असता. मी नको म्हणाले नाही.

"बाई, मी बोलतेय. इथं एकजण आहेत," एवढंच सांगून तिनं फोन माझ्या कानाला लावला. पलीकडे वर्ग भरलेला होता, तो गलका मी कुठंही ओळखला असता.

"मोठी," मी म्हणाले. "मी ताई."

गलक्यातूनच तिचा आवाज आला, मोठ्या बाईचा, थोडा घोगरा. "बोट वाकतं का आता?"

"नाही."

"मला वाटलंच होतं. मी तुकडा वाकडा बांधला होता."

"मोठी, मी बोट दाखवायला गेले नव्हते. मला नोकरी लागली होती."

"ठाऊक आहे. थोरल्या बाई आल्या होत्या पुढच्या महिन्यात, त्यांनी सांगितलं मला. पण तोवर मी पोरांना हे सांगून बसले होते. ती सारखी स्वेटरकडे बघायची, काय करणार? मग ते तसंच चालत राहिलं. थोरल्या बाई दुसऱ्या कुणाला पाठवते म्हणाल्या, मीच नको म्हटलं. ताई, पोरं समोर बसलीयत. मी फोनचा आवाज मोठा करते. तुम्ही सांगा त्यांना."

काय सांगू, असं मी विचारणार होते, पण ते मला ठाऊक होतं. गोदामातल्या शेवटच्या दिवशी सांगितलेलं होतं. पलीकडे "गप्प बसा रे बाळांनो" असं ऐकू आलं, आणि मग शांतता, पोरांच्या श्वासांची. मी उभी राहिले. बसून सांगायचं नाही, असंही थोरल्या बाईंनी शिकवलं होतं.

"मुलांनो, मी ताई बोलतेय. मी गुरुवारी येते म्हणाले होते. ते खोटं होतं. मी गेले होते, आणि मी येणार नव्हते. सांगायला हवं होतं, मला धीर झाला नाही. आता सांगते. मी शिकवायला परत येणार नाही. तुमच्या बाई आहेत."

कुणी रडलं नाही. त्यांचं काय अडलं होतं माझ्यावाचून! रडत होते ती मी. एक बारीक आवाज आला, "मग हे बोट मोजायचं का आता?"

"विचारा त्यांनाच," मोठी म्हणाली.

"मोजा," मी म्हणाले.

"मोजलं तर बारा होतात," तो आवाज तक्रारीच्या सुरात म्हणाला. "मग मूठ कधी मिटायची?"

मी तोंड उघडून तशीच उभी राहिले, गोदामातल्या त्या न बोलणाऱ्या मुलासारखी. मोठी जवळ आली असावी, तिचा आवाज एकदम कानाशी आला, हळू, फक्त माझ्यासाठी.

"ते मी बघते, ताई," ती म्हणाली. "तुम्ही जा आता."

फोन बंद झाला. त्या मुलीनं तो माझ्या हातातून काढून घेतला, मला खाटेवर आडवं केलं आणि काठी दिली. पंखा फिरत होता. "चला ताई," ती म्हणाली. तिनं तोवर मला काकू सोडून कधी काही म्हटलं नव्हतं. "हात वर. एक." मी हात वर नेले. तिचा अंगठा तीन बोटांवरून फिरून आला, नऊ झाले, आणि मूठ मिटायच्या आधी तो त्या ताठ बोटाजवळ जरा घुटमळला. मग तिनं ते वाकवलं.